लहान दिसणे आणि लहान असणे : बीदरचे घुमट आणि लांब भिंगाचा कॅमेरा

मराठी माणसाची बीदरशी पहिली ओळख होते ती दामाजीपंतांच्या गोष्टीतून. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लुटवली आणि विठूराया महाराचे रूप घेऊन बेदरच्या बादशहाकडे पैसे भरायला गेला, ही कथा आपण कीर्तनात ऐकली, शाळेत वाचली. आम्हा गोवेकरांचे तर या शहराशी आणखी एक नाते आहे. बहामनी म्हटले की आम्हाला दिवाडी बेटावरचा उद्ध्वस्त झालेला मूळ सप्तकोटेश्वर आठवतो. पुढे बहामनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. नेमक्या त्याच १४७२ साली बीदरमध्ये त्याचा प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. म्हणजे ज्या हाताने आमच्या बंदराची किल्ली घेतली त्याच हाताने ही विद्यापीठाची इमारत बांधून घेतली. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याच गवानला सुलतानाने ठार मारवले. असो.

गाणगापूरला जाणारे गोवेकर पुष्कळ. ते कलबुर्गीपर्यंत, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या गुलबर्ग्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. पुढे बीदरला फारसे कुणी जात नाही. २०१७ पासून कलबुर्गी ते बीदर थेट रेल्वेही झाली आहे. भालकी, औराद, बसवकल्याण या भागात मराठी आजही घरोघर ऐकू येते. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख निझामाच्या हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि आजचा लेखही त्या निझामी काळाशीच निगडित आहे. विषय थोडा वेगळा आहे. या इमारतींची जुनी छायाचित्रे पाहताना त्या इतक्या शांत, इतक्या प्रमाणबद्ध का दिसतात आणि आपण मोबाईलवर काढलेल्या फोटोत त्याच इमारती वाकड्या-तिकड्या, बसक्या का वाटतात, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत होता. त्याचे उत्तर मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा जुन्या कॅमेऱ्याच्या भात्यात सापडले.

निझामाच्या राज्यातल्या वास्तूंची छायाचित्रे म्हटले की पहिले नाव येते राजा दीनदयाळ यांचे. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेला हा माणूस मुळात रूडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला, अभियांत्रिकीच्या अंगाचा. नोकरी इंदूरला, सार्वजनिक बांधकाम खात्यात. आमच्यासारखाच सरकारी नोकर म्हणा ना! फोटोचा नाद नोकरी करता करता लागला आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून मध्य भारतातल्या वास्तूंची चित्रे त्यांनी काढली, ती १८८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. सहावे निझाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले, सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ निघाला, १८९६ मध्ये मुंबईतही शाखा झाली. निझामाच्या मुलखातल्या दृश्यांचा १८९२ सालचा त्यांचा एक संग्रह लॉर्ड कर्झन यांच्याकडे गेला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात बीदर आहे, गुलबर्गाही आहे. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा साठा आता दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके यांत वावरलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे भिंत उभी असते. चित्रात ती कललेली दिसली तर दोष चित्राचा. आणि इथेच तो मोठा कॅमेरा आणि त्याचे लांब भिंग आपल्या गोष्टीत येते.

त्या काळचा व्ह्यू कॅमेरा म्हणजे दोन चौकटी आणि त्यांच्यामध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा चामडी भाता. पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच. फोटोवाला डोक्यावर काळे कापड घेऊन त्या काचेवर उलटे पडलेले चित्र पाहायचा, नीट जुळवायचा आणि मग काच काढून तिच्या जागी रसायनाचा लेप दिलेली काच बसवायचा. वास्तूंच्या चित्रांसाठी १० बाय १२ इंचांची काच सर्रास वापरत. महत्त्वाचे असे की त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची पद्धत रुळलेली नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात धरायची, जेवढी काच तेवढेच चित्र. त्यामुळे 'लांबून काढू आणि मग मधला भाग मोठा करू' ही आजची पळवाट त्या माणसाला नव्हती. इमारत काचेवर जेवढी हवी तेवढी तिथल्या तिथेच मिळवावी लागे.

आता भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत फोकल लेंग्थ. दूरचे दृश्य स्पष्ट दिसण्यासाठी भिंग आणि काच यांच्यात जेवढे अंतर लागते ते हे अंतर, असे ढोबळमानाने समजा. काचेच्या कर्णाएवढे अंतर असले तर ते 'साधे' भिंग. १० बाय १२ इंचांच्या काचेचा कर्ण साधारण साडेपंधरा इंच. त्याहून बरेच मोठे, म्हणजे वीस-चोवीस इंचांचे भिंग असले की ते लांब भिंग. चोवीस इंची भिंगाला भाता चोवीस इंच ताणावा लागणार, जवळचे काही काढायचे तर त्याहून जास्त. दोन फुटांचा भाता, तिपाई आणि दख्खनच्या पठारावरचा वारा! भात्याचे शीडच होते. म्हणून लांब भिंगवाल्याला पहाटेची वेळ साधावी लागे. दुपारी तर दुसरेच संकट. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबून घेतलेल्या चित्रात मनोऱ्याची कडही थरथरते.

एवढा खटाटोप का करायचा? साध्या भिंगाने जवळ जाऊन फोटो काढला तर काय बिघडते? थोडा हिशोब करून पाहू. कारकुनाला हिशोबाशिवाय चैन पडत नाही.

गवानच्या मदरशाचा शिल्लक असलेला मनोरा सुमारे १३१ फूट उंच आहे. त्याच्यापासून १५० फुटांवर उभे राहून बारा इंची भिंग लावले तर काचेवर मनोरा सुमारे साडेदहा इंच उतरतो. ३०० फुटांवर जाऊन चोवीस इंची भिंग लावले तरी तो तेवढाच, साडेदहा इंच. मग फरक कशात? मान वर करण्यात. १५० फुटांवरून मनोऱ्याचे टोक ४१ अंशांवर असते, ३०० फुटांवरून साधारण साडेतेवीस अंशांवर. टोक चित्रात आणण्यासाठी कॅमेरा वर वळवला की उभ्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि मनोरा मागे पडतोय असे वाटते. व्ह्यू कॅमेऱ्यात यावर तोड आहे. कॅमेरा सरळच ठेवायचा, मागची काच ओळंब्यात ठेवायची आणि फक्त पुढचे भिंग चौकटीसह वर सरकवायचे. भिंती मग सरळच राहतात. पण भिंग वर सरकवले की त्याच्या प्रकाशाच्या वर्तुळाची कड चित्रात येऊ लागते, कोपरे काळे पडतात. १८६६ मध्ये डालमायर यांनी काढलेले रॅपिड रेक्टिलिनियर हे त्या काळचे घरोघरचे भिंग. एक्केचाळीस अंशांपर्यंत वर पाहणे त्याच्या आवाक्याबाहेरचे, साडेतेवीस अंश मात्र आवाक्यातले. म्हणजे लांब भिंग फक्त दूरचे जवळ आणण्यासाठी नव्हते. मोठ्या कॅमेऱ्यात ते भिंत सरळ ठेवण्याचे साधन होते.

लांब भिंग महाग. त्यावरही एक युक्ती होती. रॅपिड रेक्टिलिनियरचे पुढचे आणि मागचे असे दोन सारखे भाग असतात. पुढचा भाग फिरवून काढून टाकला की उरलेल्या मागच्या भागाची फोकल लेंग्थ जवळजवळ दुप्पट होते. एका भिंगात दोन भिंगे! पण फुकट काही मिळत नाही. प्रकाशाचे भोक तेवढेच आणि अंतर दुप्पट, म्हणून चित्राला चौपट वेळ द्यावा लागतो. शिवाय चित्राच्या कडेच्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला किंचित फुगतात. म्हणून इमारत मध्यभागी ठेवायची आणि कडांना आकाश किंवा झाडी येऊ द्यायची. जुन्या चित्रांत इमारतीभोवती मोकळी जागा ठेवलेली दिसते त्याला शोभेइतकेच हेही एक कारण. पुढे १८९१ मध्ये लंडनला डालमायर यांचे चिरंजीव, बर्लिनला मीथे आणि म्यूनिचला स्टाइनहाइल अशा तिघांनी जवळजवळ एकाच वेळी टेलिफोटो भिंग काढले. त्यामुळे आखूड भात्यातही लांब भिंगाचे काम होऊ लागले, पण प्रकाश फारच कमी मिळे.

आता मदरशाकडून गावाबाहेर, अष्टूरला जाऊ. बीदरच्या पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट एका रांगेत उभे आहेत. पहिला मोठा घुमट अहमदशहा वली याचा. यानेच गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली. हा १४३६ मध्ये वारला. त्याला लिंगायत भाविक अल्लमप्रभूंच्या नावाने मानतात, होळीनंतरच्या जत्रेला दोन्ही धर्मांचे लोक जमतात. शेजारी त्याचा मुलगा अल्लाउद्दीन. पुढे हुमायून, ज्याला लोकांनी जालीम म्हटले. त्याच्या घुमटावर वीज पडली आणि अर्धे कवच कोसळले. आज तो घुमट कापलेल्या फळासारखा आतून दिसतो. त्यानंतरचे सुलतान, कुणी पोरवयात गेलेले, कुणी वजिरांच्या मुठीतले. काही कबरी अर्धवटच राहिल्या. रांगेच्या शेवटी वलीउल्ला आणि कलीमुल्ला हे नावापुरते राजे. त्यांच्या कबरी अगदी लहान, साध्या.

इथे मला लांब भिंगाचा खरा अर्थ कळला. या रांगेच्या एका टोकाशी, पहिल्या घुमटापासून समजा १०० फुटांवर उभे राहून फोटो काढला आणि शेवटची कबर ६०० फुटांवर असली, तर दोन्ही सारख्या उंचीच्या असत्या तरी शेवटची सहापट लहान दिसली असती. अशा चित्रात पुढच्या कबरी लहान आहेत की नुसत्या लांब आहेत, हे सांगता येत नाही. रेल्वेचे रूळही असेच लहान होत जातात, त्यांचे काही राज्य गेलेले नसते. आता तीच रांग १००० फुटांवरून पाहा. पहिली १००० फुटांवर, शेवटची १५०० फुटांवर. फरक सहापटीचा नाही, दीडपटीचा. लांब भिंगाने ही रांग काचेवर भरून घेतली की जो लहानपणा उरतो तो बव्हंशी खरा असतो. चित्रात मग एका घराण्याचा उतार दिसतो. शंभर वर्षांत सत्ता कशी आटत गेली ते चुन्याविटांच्या आकारात वाचता येते. लहान दिसणे आणि लहान असणे यांतला भेद जवळून कळत नाही, त्यासाठी मागे सरावे लागते.

एक खुलासा इथे केला पाहिजे, नाहीतर जाणकार कान धरतील. हा फरक भिंग करत नाही. वस्तू किती लहान-मोठ्या दिसतात ते आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. लांब भिंग एवढेच करते की दूर उभे राहूनही चित्र भरलेले राहते. म्हणजे लांब भिंग हा दूर उभे राहण्याचा परवाना आहे म्हणा.

घुमटाचेही असेच. समजा एका कबरीची भिंत ४० फूट उंच, घुमटाचे टोक ८० फुटांवर, आणि घुमट भिंतीपासून ४० फूट आत. भिंतीपासून ४० फुटांवर उभे राहिलो तर भिंतीच्या कठड्यावरून जाणारी नजर बरोबर घुमटाच्या टोकाला लागते. म्हणजे घुमट दिसणारच नाही! २०० फुटांवर गेलो की वरच्या ४० फुटांपैकी सुमारे ३२ फूट दिसू लागतात. इमारत तीच, पण एका चित्रात ती चौकोनी पेटी आणि दुसऱ्यात घुमटाची कबर.

लांब रांगेला आणखी एक अडचण असते. भिंग जितके लांब तितकी पुढे-मागे स्पष्ट दिसण्याची पट्टी अरुंद. जवळचा घुमट स्वच्छ, दूरचा धूसर. व्ह्यू कॅमेऱ्यात मागची काच किंवा पुढचे भिंग किंचित वळवता येते. रांगेची रेघ, भिंगाचा पृष्ठ आणि काचेचा पृष्ठ हे तिन्ही वाढवून एका ठिकाणी मिळतील असे वळवले की तिरकी रांग टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट येते. ऑस्ट्रियाचे शाइम्फ्लुग यांनी १९०४ च्या सुमारास हे शास्त्रात बसवले. दुधी काचेवर पाहून हाताने जुळवणाऱ्यांना ते त्याआधीच अनुभवाने जमत होते.

या चित्रांतले रंगही फसवे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे, म्हणजे आपल्या चिऱ्याचेच. किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक या जांभ्यातच खोदलेला आहे. गोव्याच्या माणसाला तिथली लाल माती पाहून घरी आल्यासारखे वाटेल. पण त्या काळची साधी काच निळ्या प्रकाशालाच जागी होई, तांबड्याला आंधळी. म्हणून लाल चिरा चित्रात काळवंडतो. गवानच्या मदरशावरच्या निळ्या फरश्या फिक्या पांढुरक्या होतात, पिवळ्या मात्र गडद. निळे आकाश कोरे पांढरे पडते आणि चुन्याचा पांढरा घुमट त्यात विरघळू पाहतो. दूरच्या हवेतले धुकेही निळसर असते, त्यामुळे लांब भिंगाच्या चित्रात ते दुप्पट दिसते. पुढे रंग लावून सुधारलेल्या काचा आणि पिवळी गाळणी आली तेव्हा हे थोडे सुधारले. तोपर्यंत उपाय एकच होता, पावसानंतरची धुतलेली हवा आणि कलते ऊन, ज्याने घुमटाची एक बाजू सावलीत जाईल.

प्रत्येक वास्तूला मात्र लांब भिंग चालत नाही. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद घ्या. तिला उघडे अंगणच नाही, २१६ बाय १७६ फुटांची सगळी जागा छपराखाली. कडेच्या ओवऱ्यांच्या कमानी ठेंगण्या खांबांवरून झेपावतात. तिथे मागे सरायला जागाच नाही, म्हणून आखूड भिंगच लागते, आणि तिथल्या चित्रांत कमानीमागून कमानी अंतहीन होत गेलेल्या दिसतात. त्याच गावातल्या हफ्त गुंबजांना मात्र अष्टूरसारखाच दुरून पाहण्याचा न्याय लावावा लागतो. चांगला छायाचित्रकार म्हणजे कोणत्या वास्तूला किती पावले मागे सरून पाहायचे हे जाणणारा, अशी माझी समजूत झाली आहे.

हे सगळे जुन्या हौशी लोकांचे खूळ म्हणून सोडून देता येणार नाही. १६९६ मध्ये वीज पडून आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि मदरशाची दर्शनी बाजू अर्धी गेली, एक मनोराही गेला. त्यावेळी कॅमेरा नव्हता, म्हणून गेलेला भाग आपण शिल्लक भागावरून कल्पनेने पुरा करतो. त्यानंतर जे टिकले त्याचा पुरावा या काचांत आहे. हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे बीदरला दिली. १९४७ मध्ये आलेल्या त्यांच्या बीदरवरच्या ग्रंथात मजकुराइतकीच चित्रांना आणि नकाशांना किंमत आहे. दुरुस्ती करणाऱ्याला भिंतीचे प्रमाण हवे असते, सुंदर चित्र नव्हे. आपल्या जुने गोवें येथील बॉम जेजूचेच पाहा ना. आज तांबडा चिरा उघडा दिसतो म्हणून पर्यटकांना वाटते की ती मुळातच तशी बांधली. १९५० च्या दशकात गिलावा काढण्यापूर्वीची चित्रे पाहिली की कळते, ही इमारत पांढरी होती.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. ३०० फूट मागे सरायचे तर ३०० फूट मोकळे असावे लागतात. अष्टूरला शेते आहेत, अजून सरता येते. मदरसा मात्र गावाच्या पोटात आहे, भोवती घरे, दुकाने, तारा. २०१० च्या कायदादुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला बंदी आहे, आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. १०० मीटर म्हणजे ३२८ फूट. आमच्या त्या चोवीस इंची भिंगाला लागणाऱ्या जागेएवढेच जवळजवळ! कायदा करणाऱ्यांच्या मनात कॅमेरा खचितच नसेल, पण हिशोब जुळतो खरा. ती मोकळी जागा 'वाया गेलेली' नसते, ती त्या वास्तूचाच भाग असते. ती भरली की मनोरा पडत नाही, फक्त तो पुन्हा कधी पूर्ण दिसत नाही. बीदर, गुलबर्गा, विजापूर आणि हैदराबाद यांची दख्खनी वास्तू २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. यादीत नाव असले तरी मनोऱ्यासमोरची मोकळी जागा गावालाच जपावी लागेल. जुने गोवें येथे आपणही याच प्रश्नापाशी उभे आहोत, हे सांगायला नको.

आज मोबाईलमधले सॉफ्टवेअर झुकलेल्या भिंती सरळ करून देते. पण कठड्यामागे लपलेला घुमट ते दाखवू शकत नाही, कारण जे भिंगाने पाहिलेच नाही ते आणणार कुठून? तेव्हा पुढच्या वेळी गाणगापूरला गेलात तर एक दिवस काढून बीदरला जरूर जा. अष्टूरला सकाळी लवकर पोचा. घुमटाच्या पायथ्याशी उभे राहून फोटो काढण्याआधी शेताच्या बांधावरून शक्य तितके मागे जा, मोबाईलमधले दोनपट-तीनपटवाले भिंग निवडा, फोन सरळ धरा, आणि अहमदशहापासून कलीमुल्लापर्यंतची ती उतरती रांग एका चौकटीत पाहा. फोटो कुणी काढला, कसा आला, ते मला जरूर कळवा.